डायवाल्याची दाढ

तारापुरात सकाळच्या वेळी फिरलात तर कितीतरी ओट्यांवरून बारीक टिकटिक ऐकू येते. नवख्या माणसाला वाटतं, इथे घड्याळं दुरुस्त करणारे राहत असतील. घड्याळांशी त्याचा काही संबंध नाही. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी धरून, बारक्या हातोडीने माणसं उलटी नक्षी कोरत असतात. पुढे सोनार त्या ठोकळ्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबतो आणि फूल, पान, मोर, देवी, जे कोरलं असेल ते पत्र्यावर सुलटं उमटतं. ठोकळ्याला म्हणतात डाय आणि कोरणाऱ्याला डायवाला. कमलेश राऊत हा असा एक डायवाला, आणि त्यातही चेहऱ्याचा.

हे ‘त्यातही’ महत्त्वाचं आहे. फुलं-पानं सगळेच कोरतात. पाकळी जरा जाड झाली तर फूल काही रागावत नाही. चेहऱ्याचं तसं चालत नाही. नखाएवढ्या जागेत देवीचे डोळे, नाक, ओठ, हनुवटी बसवायची, तीही उलटी, म्हणजे नाक हवं तिथे खड्डा करायचा. ओठांची रेघ केसभर सरकली की देवीच्या जागी आळीतली एखादी चिडकी काकू दिसायला लागते. म्हणून गळ्यातल्या पेंडलसाठी देवीचा मुखवटा हवा असला की काम चार ओटे ओलांडून कमलेशकडे यायचं. तो स्वतःची फुशारकी मारत नसे. पण कुणी दुसऱ्याने कोरलेला चेहरा दाखवायला आणला की डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघायचा आणि “बरा हाय” म्हणून परत द्यायचा. ते ‘बरा’ ऐकून आणणाऱ्याचं तोंड उतरायचं.

असा हा कमलेश पावसाळा सरल्यापासून एका जागी बसेना.

चार ठोके मारले की उठायचा. दारापर्यंत जायचा, बाहेर काहीच नसताना काहीतरी बघायचा, परत येऊन बसायचा. जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेवर नेऊन ठेवायचा, तिथून काढायचा, पुन्हा न्यायचा. मानेवर हात, कानशिलावर हात, मग हात झटकून छिन्नी. दोन ठोके, की पुन्हा उभा. जवळच्या ओट्यांवरची टिकटिक चालू असायची आणि कमलेशची मध्येच थांबायची. आळीत अशी गोष्ट लपत नाही.

झालं होतं एवढंच, की श्रावणात एका दुपारी मऊ भातात खडा आला आणि ती दाढ कटकन मोडली. तांदूळ त्याच्या बायकोने, दीपाने निवडले होते. त्यामुळे घरात दाढेचा विषय निघाला की आधी खड्याचा निघायचा, आणि खड्याचा निघाला की दीपा उठून आत जायची. कमलेशला वाटायचं, आपण फक्त झालं ते सांगतो. दीपाला वाटायचं, हा माणूस मरेपर्यंत हा खडा माझ्या पदरात बांधून ठेवणार. दोघांचंही काही चुकत नव्हतं.

मोडक्या दाढेवर बोईसरच्या डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी उपचार केले. बाई तिशीतल्या. वडील मराठवाड्यातून अणुवीज केंद्रात नोकरीला आले, बाई इथेच वाढल्या आणि इथेच दवाखाना थाटला. त्यांनी दाढेची मुळं साफ केली, वर टोपी बसवली, निळा कागद चावायला लावून ती जुळवली आणि निघताना सांगितलं, “अजून तोंड बधिर आहे, आत्ता तुम्हाला नीट कळणार नाही. घरी गेल्यावर टोपी उंच वाटली, दुसऱ्या दाताला आधी लागते असं वाटलं, तर लगेच या. सहन करत बसू नका. थोडंसं घासायचं असतं, बस.”

बधिरपणा उतरला आणि कमलेशला टोपी उंच लागली. किती उंच, तर केसाएवढी. तुमच्या-आमच्या तोंडात ती दोन दिवसांत रुळून गेली असती. पण कमलेशने उभा जन्म केसाएवढ्या फरकावर काढलेला. तोंड मिटलं की आधी ती टोपी लागायची आणि मग बाकीची बत्तीशी. गिळताना लागायची, भाजीवाल्याशी बोलून झालं की लागायची, काम करताना तर सतत लागायची. घरात कुणी बोलावल्याशिवाय पाहुणा येऊन बसावा आणि हलूच नये, असं त्याला झालं.

आता सरळ माणूस काय करेल? रिक्षात बसून बोईसरला जाईल. पण कमलेशच्या आळीतल्या डायवाल्यांची एक रीत होती. आपल्या हातातल्या कामात खोट निघाली तर ती आपणच घासायची, दुसऱ्याच्या कानशीखाली द्यायची नाही. रात्र घालवा, ठोकळा वाया घालवा, पण शेजारच्या ओट्यावर डाय घेऊन जाऊ नका. कुणी नेलीच, तर पुढे लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक तेवढंच लक्षात ठेवून त्याला वाढत. कमलेशच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. आणि दाढ तर स्वतःच्याच तोंडातली. केसभर पोलाद रोज घासणाऱ्याने केसभर टोपी घासून घ्यायला तासभर रिक्षा करून जायचं, हे त्याच्या मनाला काही केल्या पटेना.

दीपा बाजारात गेलेली बघून त्याने काम हाती घेतलं. डायचे दोन भाग नीट मिळतात का हे बघायला रंग लावून दाबून बघतात, तसंच केलं. देवघरातलं कुंकू खोबरेल तेलात कालवलं, पतंगाच्या कागदाच्या पट्टीला फासलं, आपल्या नेहमीच्या पाटावर, नेहमीसारखी मान खाली घालून बसला आणि पट्टी चावली. दीपाचा हातआरसा भिंगासमोर धरला. टोपीवर लाल ठिपका दिसला. सर्वांत बारीक कानस घेऊन ठिपका घासला. पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपका, पुन्हा कानस. संध्याकाळी दात मिटून बघितले तर सगळे एकदम लागले. त्या दिवशी तो जेवताना खड्याबद्दल बोलला नाही, उलट भात छान झालाय म्हणाला. दीपाला संशय तेव्हाच आला.

सकाळी उठला तर आता पुढची दाढ लागत होती. ती घासली. मग वरची. वरच्या दाढेवर टोपी नव्हती, ती देवाने दिलेली होती, पण कमलेश आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता. डगमगणाऱ्या पाटाचा एक पाय कापला की दुसरा लांब होतो, तसं चाललं होतं. आठवड्याभरात उजव्या बाजूने गार पाणी सोसेना, गरम चहा सोसेना. मग चावणं डावीकडे आलं. डावा जबडा दुखायला लागला, तिथून कान, कानामागून मान. झोपेत दात कराकरा वाजायला लागले. दीपा त्याला हलवून उठवायची, तो कूस बदलायचा आणि पुन्हा कराकरा. सकाळी उठला की रात्रभर कुणी ओझं वाहायला लावल्यासारखा दमलेला असायचा.

खाणं बदललं. भाकरी सुटली, सुकट सुटली, कोबी-काकडी सुटली. चहात बुडवलेली बिस्किटं, पाव, साखर घातलेली पेज, साबुदाण्याची खीर, एवढ्यावर तो जगू लागला. तरी मधूनमधून भूक लागायची, घसा सुकायचा, अंगात कसलीतरी घाई भरून राहायची. कुठे जायचं नसायचं आणि उशीर झाल्यासारखं वाटायचं. कुणी साधं “काय कमलेशभाई” म्हटलं तरी अंगावर जायचा.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण दिवाळीनंतर देवीचं काम आलं. नेहमीच्या सोनाराने पाठवलं होतं, निरोपासकट, की चेहरा कमलेशनेच करायचा. कपाळ उतरलं, डोळे उतरले, नाक बसलं. ओठांवर आला आणि हात थरथरला. फार नाही, पण ओठांच्या रेघेला फार लागतही नाही. त्याने डायमध्ये मेण दाबून काढून बघितलं. देवीचं तोंड वाकडं झालं होतं. दुसरा ठोकळा घेतला. तोही ओठांवरच गेला. तिसरा त्याने घेतलाच नाही. पोलादच कडक आलंय, असं त्याने दीपाला सांगितलं. पोलाद कडक आणि मऊ असलेलं तिने आयुष्यभर बघितलं होतं, आणि नवऱ्याचा हात मांडीआड दुसऱ्या हाताने घट्ट धरलेलाही तिला दिसत होता.

कमलेशला मनातून धडकी भरली होती. हात गेला म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. फुलं-पानं करायला कुणीही घेईल, पोटाची काळजी नव्हती. पण चेहरा गेला तर तो या आळीतला एक साधा डायवाला. ‘बरा हाय’ म्हणायची पाळी मग लोकांची येणार होती.

अशात एका सुट्टीच्या दिवशी कैलास आला. कैलास मूळचा भुसावळकडचा, इथल्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. नवा आला तेव्हा कमलेशच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला होता, आता सरावलीत स्वतःचं घर केलं होतं. त्याला स्वतःला मधुमेह होता आणि मोबाइलवर रोज बघून बघून तो अर्ध्या हळकुंडाने पुरता पिवळा झाला होता.

“अरे भाऊ, दात म्हणजे काय साधी गोष्ट वाटली का तुला?” कैलास मांडी घालून बसला. “दातांची नस थेट मेंदूत जाते. जबडा तिरपा झाला की ती नस दबते. नस दबली की पूर्ण शरीराची वायरिंग बिघडते. झोप जाते, बीपी वाढतं, शुगर वाढते. आमच्या कंपनीत नाही का, एक व्हॉल्व्ह बरोबर बसला नाही की पूर्ण लाइन गरम होते.”

“कोण सांगतो?”

“डॉक्टर सांगतो. अमेरिकेचा. हे बघ.” त्याने मोबाइल पुढे केला. पांढऱ्या कोटातला एक हसरा माणूस प्लॅस्टिकची कवटी हातात धरून सांगत होता, की दात जुळले की मज्जासंस्था शांत होते आणि शरीरातलं साखरेचं गणित आपोआप सुटतं.

मग कैलासने खिशातून आपलं शुगर बघायचं मशीन काढलं, कमलेशचं बोट टोचलं आणि आकडा बघून गप्प बसला. कैलास गप्प बसला याचीच दीपाला जास्त भीती वाटली.

गंमत अशी, की कमलेशला बरं वाटलं. आकडा वाईट होता, पण त्याला कारण मिळालं होतं. हाताची थरथर, झोप, घाई, साखर, हे सगळं जर त्या एका दाढेचं असेल, तर मग फक्त एक दाढ तेवढी नीट घासायची राहिली होती. आतापर्यंत घासणं चुकत होतं, एवढंच. कैलासची मोटारसायकल आळीबाहेर पडायच्या आत तो पाटावर जाऊन बसला आणि कानशींचा डबा उघडला. डबा रिकामा होता.

“कानशी कुठं हायत?”

“दातिवऱ्याला,” दीपा आतून म्हणाली.

“दातिवऱ्याला कशाला?”

“ताईकडं. सकाळी भावजी मासे घेऊन आले होते ना, त्यांच्या पिशवीत घातल्या.”

“आनि माझं काम कसं व्हायचं?”

“काम व्हतंय कुठं?” दीपा बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. “सांगू का? कुंकवाची कुयरी अर्धी झालेली मला दिसत नाय, असं वाटलं तुमाला? आरशाला लाल बोटं, उशीवर लाळेत लाल डाग. मी घाबरले, रक्तच वाटलं मला. तो खडा माझ्या हातून राहिला, रोज ऐकते मी ते. ऐकून घेईन. पन या कानशी माझ्या हातून राहून गेल्या असं उद्या मला ऐकायचं नाय.”

कमलेशने तोंड उघडलं आणि मिटलं. मिटताना दाढ लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेचंच होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षाने बोईसरला गेली. डॉक्टर प्रियदर्शिनींनी तोंडात आरसा घालून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि आरसा बाजूला ठेवला.

“हे कोणी घासलं?”

“खाऊन खाऊन झिजलं असेल,” कमलेश म्हणाला.

“असं खाऊन झिजायला माणसाला दोन जन्म लागतील.”

दीपा खुर्चीमागे उभी होती. तिने खुर्चीची पाठ बोटाने दोनदा ठोकली. शेवटी कमलेशने सांगितलं. कुंकू, पतंगाचा कागद, पाट, कानस, सगळं. सांगताना त्याचा आवाज खाली गेला, पण शेवटी थोडा वरही आला, कारण रीत बरोबर होती याबद्दल त्याला अजूनही शंका नव्हती. “ठिपका होता तिथंच घासलं मी. केसभर जास्त नाय.”

बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला ताठ बसवलं आणि निळा कागद चावायला दिला. मग खुर्ची आडवी करून लाल कागद दिला. मग म्हणाल्या, “आता कामाला बसता तसे बसा.” कमलेशने मान खाली घातली, पाठ वाकवली, तिसरा कागद चावला. बाईंनी आरसा त्याच्या हातात दिला. एकाच दाढेवर रंगांचे ठिपके वेगवेगळ्या जागी पडले होते. एकही दुसऱ्यावर नव्हता.

“डाय टेबलावर ठेवा नाहीतर हातात धरा, तिचे दोन भाग तिथेच मिळणार,” बाई म्हणाल्या. “जबडा तसा नाही. तो स्नायूंवर लटकलेला आहे. मान वाकली की तो पुढे सरकतो, आडवे झालात की मागे जातो. तुम्ही मान वाकवून चावलंत आणि मान वाकवूनच घासलंत. मग मान वर केली की दुसरीच जागा लागणार. ती घासलीत की तिसरी.”

कमलेश आरशात बघत राहिला. इतकी वर्षं ज्या नजरेचा त्याला भरवसा होता, ती नजर बरोबर होती आणि तरीही सगळं चुकलं होतं. त्याला लाज वाटली. खूप वाटली.

मग त्याने हळूच कैलासचा अमेरिकन डॉक्टर काढला. नस, मेंदू, साखर. बाईंनी ऐकून घेतलं.

“त्यात थोडं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “दाताच्या मुळाभोवती फार नाजूक जाणीव असते. केस चावला तरी कळतो. एक दात आधी लागायला लागला की काही माणसांचे जबड्याचे स्नायू विश्रांतीच घेत नाहीत. मग कानशील दुखतं, मान दुखते, झोप मोडते. झोप नीट नसली की साखर वाढायला मदत होते, आणि चावता येत नाही म्हणून तुम्ही पाव-बिस्किटांवर आहात, त्यानेही वाढते. पण दातामुळेच मधुमेह झाला आणि दात जुळवला की जाईल, असं मी सांगणार नाही. असं सांगणारे खूप आहेत. मला ते माहीत नाही. तुमच्या घरात कुणाला होता?”

“वडलांना,” कमलेशऐवजी दीपा म्हणाली.

“मग साखरेच्या डॉक्टरांकडे जायचंच. मी चिठ्ठी देते.” बाईंनी दोन पेनं त्याच्या दोन हातांत दिली. “आता ही छिन्नी आणि ही हातोडी. ठोका मारून दाखवा.”

कमलेशने मारला. बाईंनी दोन बोटं त्याच्या गालांवर ठेवली होती. ठोक्यासरशी गालाखाली सुपारीएवढी गाठ उठली.

“किती वर्षं हे काम करताय?”

“शाळा सोडल्यापासून.”

“तेव्हापासून प्रत्येक ठोक्याला तुम्ही दात आवळताय. दाढेचा मोडका तुकडा काढला नव्हता का मी, त्यात जुनी भेग होती. भातात खडा नसता तरी दाढ मोडणार होती. केळ्यावरसुद्धा मोडली असती.”

खुर्चीमागे दीपाने श्वास सोडला. तो श्वास श्रावणापासून अडलेला होता. कमलेशने मागे वळून बघायचं टाळलं.

बाईंनी टोपी बदलली, घासलेल्या दाढा भरून दिल्या, रात्री घालायला प्लॅस्टिकची पट्टी केली. साखरेच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि संध्याकाळी चालायला सांगितलं. भाकरी परत आली. झोपेतली कराकर कमी झाली. अंगातली घाई बरीच उतरली, सगळी नाही. साखरही खाली आली, पण गोळी सुटण्याइतकी नाही. कैलासला हे अर्धवट वाटलं, त्याने आणखी एक व्हिडिओ पाठवला. कमलेशने तो उघडला नाही.

पण बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सर्वांत कठीण होती. “दात एकमेकांना लागायचे ते घास चावताना आणि गिळताना. बाकी दिवसभर ओठ मिटलेले आणि दात सुटलेले. कामावरसुद्धा. नाहीतर ही दाढही जाईल आणि मानही.”

“दात सुटले तर हात थारत नाय,” कमलेश म्हणाला होता. हे तो अगदी मनापासून म्हणाला होता. ठोक्याच्या वेळी श्वास रोखायचा, दात आवळायचे, मग हात दगडासारखा स्थिर होतो. आळीत सगळे असंच करतात. त्याचा बापही असंच करायचा, आणि बापाच्या तोंडात म्हातारपणी एक धड दात नव्हता.

आता नवी बेचैनी सुरू झाली. दुखत नव्हतं, झोप येत होती, आणि हात मात्र परका झाला होता. दात सुटे ठेवून छिन्नी धरली की ती कुणा दुसऱ्याचीच वाटायची. जबड्याकडे लक्ष दिलं की रेघ सुटायची, रेघेकडे दिलं की दात आवळले जायचे. त्याने फुलं करून बघितली, फुलं जमली. पानं जमली. देवीचा तिसरा, कोरा ठोकळा कापडात बांधून तसाच ठेवला होता. सोनाराने एकदा विचारणा केली, दुसऱ्यांदा केली. मग आळीत कुजबुज सुरू झाली, की काम दुसऱ्या ओट्यावर जातंय. कमलेश उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. आता तोंड दुखत नव्हतं, त्यामुळे उठायला निमित्तही उरलं नव्हतं.

रात्रीची पट्टी दाखवायला गेला तेव्हा बाईंनी सहज एक उपाय सांगितला. बोलताना माणसाचे दात लागत नाहीत. काम करताना बोला. काहीही बोला.

हे ऐकून दीपा रिक्षात बसेपर्यंत हसत होती. कारण कामावर बसलेला कमलेश बोलला, असं तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. तो पाटावर असला की घरात झाकण पडलं तरी ती जीभ चावायची. मुलं लहान असताना त्यांना मागच्या दारी खेळवायची. ओट्यावर पाठमोरा वाकलेला माणूस आणि आत सांडशी आवाज न करता ठेवणारी बाई, असा त्यांचा संसार झाला होता.

“काय बोलू?” दुसऱ्या दिवशी कमलेशने देवीचा ठोकळा कापडातून सोडून पुढ्यात ठेवला आणि विचारलं.

“मला काय ठाव? दात तुमचे हायत.” दीपा गवार मोडायला त्याच्यासमोर येऊन बसली. इतकी जवळ ती कामाच्या वेळी कधी बसली नव्हती.

तो काय बोलणार? सुरुवातीला जे करत होता तेच सांगू लागला. आता कपाळ उतरवतो. आता भुवई. भुवई आधी खोल घ्यायची नाय, मग डोळा वटारल्यासारखा व्हतो. दीपाने विचारलं, खोल कळतं कसं? तो म्हणाला, आवाज बदलतो. ती म्हणाली, मला ऐकवा. त्याने दोन ठोके मारले, एक वरवरचा, एक खोल. तिला फरक कळला. हे बघून त्याला इतकं बरं वाटलं की पुढचं नाक त्याने बोलत बोलत कधी उतरवलं ते कळलं नाही. त्याने तिला सांगितलं, हनुवटी नेहमी गोल का ठेवतात. बापाने पहिल्यांदा छिन्नी दिली तेव्हा त्याने स्वतःचा अंगठा कसा फोडून घेतला होता. हे तिला माहीत नव्हतं. तिला असं कितीतरी माहीत नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं कारण विचारायला जागाच नव्हती.

मग ओठ आले.

कमलेश थांबला. बोलणं थांबलं. हात छिन्नीवर तसाच, आणि जबडा आपोआप मिटायला निघाला. वरचे दात खालच्यांना लागले ते त्याला स्पष्ट कळलं. श्वास रोखला गेला. हातोडी वर गेली.

“बोला,” दीपा म्हणाली.

त्याला काही सुचेना. ओठांबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे तो नेहमी गप्पच झालेला होता. जे होतं तेच तोंडातून आलं.

“मला भीती वाटते, दीपा.” ठोका. “हात गेला तर मी कोन ऱ्हानार?” ठोका. “मला दुसरं काय येत नाय. मानसांत बसता येत नाय, तुझ्याशी नीट बोलता येत नाय.” ठोका. “खड्याचं मी उगाच धरून बसलो. तुला रडवलं.” ठोका. “मला ते तेव्हापन कळत व्हतं.”

गवार दीपाच्या हातात तशीच राहिली. ती बोलली असती तर त्याने थांबून ऐकलं असतं, आणि रेघ अजून व्हायची होती.

ती झाली. त्याने फुंकर घातली, मेण मऊ केलं, डायमध्ये दाबलं आणि अलगद काढलं. भिंग लावून बघितलं. हा ओठ त्याच्या जुन्या ओठांसारखा नव्हता. त्याच्या देव्या कडक असायच्या, रेघ सुरीने मारल्यासारखी. ही रेघ मऊ होती आणि कडेला जराशी उचललेली. ही चूक आहे की काम आहे, हे त्याला ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ठरवता येईना. त्याने भिंग आणि मेण दीपापुढे केलं.

दीपाने हात पदराला पुसले. भिंग डोळ्याला नीट लावता येत नव्हतं, त्याने तिचा हात धरून लावून दिलं. ती खूप वेळ बघत बसली. शेजारच्या ओट्यावरची टिकटिक ऐकू येत होती.

“आजवरच्या तुमच्या सगळ्या देव्या मी बघितल्या,” ती म्हणाली. “चांगल्या व्हत्या. पन त्यांच्यापुढं काय बोलायची हिंमत व्हायची नाय. हिला काय सांगितलं तर ही ऐकून घेईल.”

कमलेशने मेणाचा तो चेहरा तिच्या तळव्यावर तसाच राहू दिला आणि म्हणाला, “मग सांग ना.”